एकोणऐंशीच्या आत

वजनकाट्यावर चढण्याआधी ताई कानातले काढायची, केसांतल्या पिना काढायची, घड्याळ काढायची आणि शेवटी श्वासही सोडून द्यायची. श्वासाला वजन नसतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण गरज गळ्याशी आली की माणसाला असलं शहाणपण सुचत नाही. बाथरूमच्या थंडगार फरशीवर ती काचेच्या काट्यावर उभी राहिली आणि डोळे किलकिले करून खाली पाहिलं. एक्क्याऐंशी किलो दोनशे ग्रॅम.

काल तेवढंच होतं, परवाही तेवढंच. तिने काटा उचलून दाराजवळ सरकवला, न जाणो तिथली फरशी सरळ असेल. तिथेही एक्क्याऐंशी दोनशे. काट्याच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करून तिने कानातले परत घातले.

आणखी बत्तीस दिवस होते. बत्तिसाव्या दिवशी हॉस्पिटलमधले डॉक्टर तिचं वजन करणार होते आणि ते एकोणऐंशीच्या आत असेल तरच तिची एक किडनी काढून तिच्या धाकट्या भावाला बसवणार होते. जास्त वजनाच्या माणसाची किडनी काढायला तिथले सर्जन तयार नव्हते. देणाऱ्याच्याच जिवाला धोका, असं त्यांनी टेबलावर पेन आपटून सांगितलं होतं. ती तारीख हुकली तर पुढची तीन महिन्यांनी. आणि धाकट्याच्या किडन्या तीन महिने थांबायला तयार नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी त्या पंचवीस टक्के काम करत होत्या, आता नऊ टक्के. तारीख चुकली की डायलिसिसचं मशीन, आठवड्यातून तीन वेळा, हे ठरलेलं होतं.

धाकट्याला घरात लांब्या म्हणत. होताच तसा, दाराची चौकट चुकवायला मान वाकवणारा. शाळेत चित्रकला शिकवायचा. आता अर्धाच दिवस जायचा आणि उरलेला दिवस कोचावर पाय वर करून पडायचा, कारण पाय खाली सोडले की घोटे सुजायचे. मागच्या आठवड्यात ताईच्या लक्षात आलं की तो बुटांच्या नाड्या बांधत नाही. बुटात पाय मावत नव्हता, नाड्या कुठून बांधणार? तिने काही विचारलं नाही. पण त्या सुटलेल्या नाड्या तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

स्वयंपाकघरात दोन राज्यं होती. फ्रिजचा वरचा कप्पा ताईचा, खालचा लांब्याचा. वर अंडी, कोंबडीचे तुकडे, घट्ट दही. खाली भात, दोनदा उकळून पाणी काढून टाकलेल्या भाज्या आणि मोजून मापून अगदी नावाला एखादी वाटी डाळ. ओट्यावर दोन मोठे डबे. निळ्या झाकणाच्या डब्यात ताईची प्रोटीनची पावडर, लाल झाकणाच्या डब्यात लांब्याची. त्याच्या पावडरीत प्रोटीन जवळजवळ नव्हतंच, नुसती ताकद. तो खंगू नये म्हणून. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना व्हॅनिलाचा वास. या दोन राज्यांची राणी होती आई. सत्तरीला टेकलेली, गुडघ्यांनी दमवलेली, पण ग्रॅममध्ये मोजायच्या छोट्या काट्यासमोर उभी राहिली की कुणाची बिशाद नव्हती मध्ये बोलायची.

हे सगळं लावून दिलं होतं हॉस्पिटलमधल्या डाएटच्या मॅडमनी. दोघांच्याही मॅडम त्याच. लांब्याला त्यांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, "प्रोटीन कमी करा. दमलेल्या किडनीवर त्याचा ताण येतो." आणि ताईला चार महिन्यांपूर्वी सांगितलं, "प्रोटीन नीट खा. उपाशी राहून वजन उतरवलंत तर चरबीबरोबर अंगातलं मांसही झडेल, आणि ऑपरेशनला मला लुळी पडलेली बाई नकोय. शिवाय प्रोटीनने पोट भरलेलं राहतं. सकाळी आणि संध्याकाळी जेवणाऐवजी हा एकेक ग्लास, दुपारी नीट जेवा." आई दोन्ही वेळा शेजारच्या खुर्चीत बसलेली होती. तिने दोन्ही वेळा मान हलवली होती.

सुरुवातीला सगळं सुतासारखं सरळ चाललं. सत्त्याऐंशीवरून ताई एक्क्याऐंशीवर आली, आणि तिथे जी रुतली ती रुतलीच.

ताई काम करायची ते दुकान कपडे कमी-जास्त करून देण्याचं. नवे कपडे तिथे शिवत नसत. लोक आपल्या जुन्या पँटी घेऊन यायचे आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणायचे, "जरा सैल कराल का? धुऊन आटलीय." वीस वर्षांत ताईने हजारभर आटलेल्या पँटी पाहिल्या होत्या आणि एकदाही ती हसली नव्हती. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते मात्र गिऱ्हाईक वळलं की म्हणायचे, "पाणी भलतंच गरम असतं हो यांच्याकडे!"

त्या दिवशी सकाळी आठला तिने पावडरीचा ग्लास पिऊन घर सोडलं आणि साडेनऊला पोटात कावळे ओरडायला लागले. दहाला हात थरथरायला लागले. हे आता रोजचं झालं होतं. पहिले तीन महिने असं नव्हतं. तेव्हा ग्लास प्यायला की एक वाजेपर्यंत जेवणाची आठवण यायची नाही. आता भूक यायची ती धाड घालायला आल्यासारखी. ताईने दोरा ओवला, सोडला, परत ओवला. मग मास्तर बाहेर चहा प्यायला गेल्याचं बघून तिने त्यांच्या खणातला बिस्किटांचा पुडा काढला आणि उभ्याउभ्या सहा बिस्किटं खाल्ली. सातवं तोंडात असताना मास्तर दारात.

"अगं, बसून खा की. पुडा काय पळून चाललाय?"

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडे भाऊ सुजलेले पाय घेऊन पडलाय आणि आपण त्याचा जीव बिस्किटांत बुडवून खातोय, असं तिला वाटलं. संध्याकाळी घरी जाऊन ग्लास प्यायचा आणि तासाभराने लांब्याच्या पातेल्यात उरलेला भात चमच्याने पातेल्यातूनच खायचा, हेही रोजचंच. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? किडनी द्यायला निघालेल्या बाईला सात बिस्किटं आवरत नाहीत, हे काय सांगण्यासारखं आहे?

त्याच दुपारी तिने एका दातांच्या डॉक्टरचा पांढरा कोट इस्त्रीने जाळला. इस्त्री ठेवली आणि मनात आकडेमोड करत राहिली, बत्तीस दिवसांत दोन किलो दोनशे, म्हणजे रोजचे सत्तर ग्रॅम, साधारण एका अंड्याइतके. एवढंसं रोज अंगावरून का उतरू नये? वास आला तेव्हा खिशावर तपकिरी त्रिकोण उमटला होता. मास्तर ओरडतील म्हणून ती वाट बघत उभी राहिली. ते ओरडले नाहीत. त्यांनी कोट घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "उद्या सुट्टी घे. त्या तुझ्या मॅडमना जाऊन भेट. तुझं काहीतरी चुकतंय, पोरी, आणि ते शिवणीत नाहीये."

पण ताई गेली नाही. मॅडमच्या समोर बिस्किटांचं काय सांगणार, म्हणून आज जाते, उद्या जाते करत तिने आठवडा घालवला. त्या आठवड्यात तिने दुपारचा डबाही अर्धा केला. काटा पाचशे ग्रॅम खाली आला, मग भुकेने तिने एका संध्याकाळी अर्धा पाव संपवला आणि काटा परत जागेवर. चोवीस दिवस उरले तेव्हा कुठे ती हॉस्पिटलमध्ये मॅडमच्या खोलीत जाऊन बसली. टेबलावर प्लॅस्टिकचं अंडं, प्लॅस्टिकची तंगडी, प्लॅस्टिकची वाटी. त्या प्लॅस्टिकच्या तंगडीकडे बघूनही तिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तिला रडूच फुटलं. बिस्किटं, भात, पाव, सगळं तिने भडाभडा सांगून टाकलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. "भूक लागणं हा काही गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला इतकी का लागते? ग्लास प्यायल्यावर किती वेळाने?"

"तासाभराने. कधी त्याच्याही आधी."

"पावडर कशात घेता?"

"पाण्यातच. तुम्ही सांगितलं तशी. शेकरमध्ये हलवून." मग तिला आठवलं म्हणून ती म्हणाली, "आधी वर बोटभर फेस यायचा. गेला महिनाभर येत नाही. पाणी गार असतं म्हणून असेल."

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. "डबा आणलाय?"

डबा पिशवीतच होता, मॅडमना दाखवायला घेतलेला. मॅडमनी स्वतः दोन चमचे पावडर पाण्यात टाकली, शेकर खडखड हलवला आणि उजेडात धरला. आतलं पाणी जवळजवळ नितळ. मॅडमनी बोट बुडवून चाखलं आणि ताईकडे बघितलं.

"ही तुमची पावडर नाही. ही तुमच्या भावाची. यात प्रोटीन नाहीच, नुसता स्टार्च. रक्तात साखर चढते आणि धपकन उतरते, मग भूक लागणारच. तुम्ही महिनाभर दोन वेळचं जेवण सोडून हे पीत होता?"

डबा निळ्या झाकणाचाच होता. म्हणजे कुणीतरी आतला माल बदलला होता, आणि तिला न सांगता.

घरी जाताना तिला रस्ता दिसत नव्हता. कुणी बदलला असेल याचं उत्तर तिला दुसऱ्या चौकातच मिळालं होतं. तिने किडनी द्यायचं ठरवलं तेव्हा लांब्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला होता, "ताई, माझ्यापायी तू स्वतःला कापून घेऊ नकोस. मी जाईन मशीनवर." दुपारभर घरी तोच असतो. हळवा आहे, हट्टी आहे, आणि लहानपणापासून नको असलेली गोष्ट भांडण न करता टाळण्यात पटाईत आहे.

तो कोचावर पडून वहीत काहीतरी रेखाटत होता. ताईने डबा त्याच्या पोटापाशी आपटला.

"मरायचंच आहे का तुला? तसं सांग ना सरळ! महिनाभर मला ही माती पाजलीस! मी स्वतःला खादाड, चोर, काय काय म्हणून घेतलं, माहितीय?"

लांब्या उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर इतका खरा गोंधळ होता की ताईचा आवाज मध्येच अडला.

"ताई, मी काय केलंय?"

"त्याला नको बोलूस." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पदराला पुसत होती, कोरडेच हात. "मी केलं ते."

मग ती बोलायला लागली, आधी चाचरत आणि मग रागाने, कारण घाबरली की तिला राग यायचा.

"दोन वर्षं त्या मॅडम माझ्या कानीकपाळी ओरडतायत, प्रोटीनने किडनीवर ताण येतो. दोन वर्षं मी याची डाळ मोजतेय. पोरगं अंडं मागतं आणि मी नाही म्हणते. आणि त्याच मॅडम तुला सांगतात, दिवसातून दोनदा पी! जी किडनी काढून याला द्यायची, तीच आधी दमवून ठेवायची? तीन महिने बघत राहिले, पण मला काही ते पटेना."

"मग मॅडमना विचारायचंस ना, आई."

"विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, म्हातारीला काय कळतंय. तुला सांगितलं असतं तर तूही तेच म्हणाली असतीस."

लांब्याला हसू यायला लागलं. केविलवाणं हसू, न थांबणारं, आणि मग त्यातूनच त्याला धाप लागली. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवायला धावली. ताईने ते बघितलं.

"म्हणजे तू किडनी जपत होतीस," ती म्हणाली. "त्याची. माझ्या पोटात आहे म्हणून मी आपली तिला माझी समजत होते."

आईचा हात लांब्याच्या पाठीवर तसाच राहिला. मग ती आत गेली. थोड्या वेळाने कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. ताईची खरी पावडर त्यात होती, चिमूटभरही सांडलेली नव्हती. वरून प्लॅस्टिक बांधलेलं. टाकून द्यायला तिचा जीव धजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताईने आईला मॅडमसमोर नेऊन बसवलं. मॅडम चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजी, लंगडणाऱ्या माणसाच्या हातात आपण पिशवी देत नाही. म्हणून धडधाकट माणसाने पिशवी उचलायचीच नाही का? हिच्या किडन्या धडधाकट आहेत. दर महिन्याला तपासतो आम्ही. आणि मापातच देतोय, पोती भरून नाही." आईने मान हलवली. पण ती आधीही हलवली होती, म्हणून मॅडमनी तिच्याकडून सगळं परत वदवून घेतलं. मग खाली फार्मसीपाशी आई एकदाच म्हणाली, "मला वाटलं मी बरोबर करतेय." ताई रांगेत पुढे सरकली.

त्यानंतरचे दिवस घरात दोघी एकमेकींना चुकवून वावरल्या. आई सकाळी स्वतः शेकर हलवायची, दुखऱ्या मनगटाने, बोटभर फेस येईपर्यंत, आणि ग्लास ताईसमोर ठेवून बाजूला उभी राहायची, जणू शिक्षा ऐकायला. ताई प्यायची, ग्लास विसळायची, निघून जायची. दुकानात साडेनऊ वाजायचे, दहा वाजायचे, पोट गप्प. मास्तरांनी बिस्किटांचा पुडा मुद्दाम तिच्या मशीनपाशी ठेवून पाहिला, आणि तो दोन दिवस तसाच राहिला तेव्हा स्वतःच खाऊन टाकला. काटा हलला. ऐंशी आठशे. ऐंशी तीनशे. एकोणऐंशी नऊशे. इकडे लांब्याच्या तोंडाला आता सतत लोखंडाची चव यायची, अंगाला खाज सुटायची आणि बूट जाऊन पायांत उघड्या सपाता आल्या होत्या. शाळा त्याने सोडली होती. रोज सकाळी तो कोचावरून ओरडायचा, "किती?" आणि ताई बाथरूममधून आकडा सांगायची. बाकी त्या घरात सकाळी बोलणं असं ते एवढंच.

शेवटच्या दोन दिवसांत काटा पुन्हा अडला. एकोणऐंशी शंभर. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. आदल्या दिवशी दुकानात तिने आपला सर्वांत हलका ड्रेस घेतला आणि त्याचं अस्तर उसवून काढलं, मग खिसे, मग बटणं, आणि बटणांच्या जागी टाके घालून टाकले. मास्तर चष्म्यावरून बघत होते.

"शंभर ग्रॅम निघतील का हो मास्तर?"

"निघतील," मास्तर म्हणाले. त्यांनी अस्तर हातात तोलून पाहिलं. "पण घाम पूस, तोही भरतो."

हॉस्पिटलमधला काटा मोठा होता, लोखंडी, खांबावर आकडा दाखवणारा. लांब्या खालच्या मजल्यावर तपासणीसाठी रक्त द्यायला थांबला होता. आईला आत घेतलं नाही. ती बाहेर बाकावर ताईच्या चपला, पिना आणि कानातले मांडीवर घेऊन बसली. ताई काट्यावर चढली. आकडे वर गेले, खाली आले, थरथरले. नर्सने कागद पुढे ओढला. ताईने श्वास सोडून दिला आणि पुन्हा घेतलाच नाही.

"अठ्ठ्याहत्तर नऊशे," नर्स म्हणाली आणि लिहूनही टाकलं. "उतरा. अहो बाई, श्वास घ्या आता."

ताई बाहेर आली. "झालं," ती म्हणाली. "आत आहे. शंभर ग्रॅमने."

आईचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. तो उजळला नाही. आईने मांडीवरचे कानातले मुठीत घट्ट धरले आणि तिचे ओठ वेडेवाकडे व्हायला लागले.

"आता काय झालं? तुझ्या मुलाचं काम झालं की," ताई म्हणाली. बोलल्यावर तिलाच ते बोचलं.

"कुठली काढणार?" आईने विचारलं.

"काय?"

"दोन असतात ना. त्यातली कुठली काढणार? मला कुणीच सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, भीती वाटायची. म्हणून मग दोन्ही जपत होते."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती बाकावर आईला खेटून बसली.

"डावी," ती म्हणाली. "स्कॅन बघून ठरवलंय त्यांनी. डावी काढणार."

आईने कानातले बाकावर ठेवले. मग वळून तिने ताईच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, उजव्या बाजूला हात ठेवला. अस्तर नसलेल्या त्या पातळ कापडातून तिचा तळवा ताईला गरम लागत होता. समोरून माणसं येत-जात होती, आतून नर्स पुढचं नाव पुकारत होती. लांब्या जिना चढून वर येईपर्यंत आईने तो हात तिथून काढला नाही.